किटलीतला क्षार

ती जाहिरात मीच लिहिली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला बिचारी म्हणायला नको.

चार वर्षं मी या रसायनशास्त्र विभागात हंगामी करारावर आहे. डिसेंबरात करार संपतो. मार्चमध्ये आमचा विभागप्रमुख मार्टेन म्हणाला, "समता, कायम प्राध्यापकाची जागा निघतेय. मजकूर तूच लिही. त्या कामाला काय लागतं, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" इथे डच लोकांत विभागप्रमुखालाही एकेरी हाक मारतात, त्यामुळे गळा कापला जातानाही कापणारा माणूस घरचाच वाटतो.

हार्लेम शहरातल्या आमच्या घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. लोकेश खूश. "अगं, तुझ्याकडूनच लिहून घेतायत म्हणजे जागा तुझीच. आपल्याकडे नाही का, आधी उमेदवार ठरतो, मग जाहिरात निघते?"

मलाही पटलं. ज्या पद्धतीच्या नावाने जन्मभर बोटं मोडली, ती आपल्या फायद्याची दिसताच मी तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. याची लाज वाटते.

अध्यापनाचं प्रमाणपत्र आवश्यक, ही अट मीच घातली. माझ्याकडे ते नव्हतं, पण त्या कोर्सला मला एप्रिलमध्ये पाठवायचं मार्टेनने कबूल केलं होतं. एप्रिलमध्ये कळलं, कोर्स फक्त कायम नोकरीवाल्यांसाठी असतो. मी तरीही अर्ज केला. तीन दिवसांत उत्तर आलं: आवश्यक पात्रता नाही.

मी तडक मार्टेनच्या खोलीत गेले. "चार वर्षं पहिल्या वर्षाला कोण शिकवतंय?"

"तू. आणि उत्तम शिकवतेस," तो कॉफी ढवळत म्हणाला. "पण नियम सगळ्यांना सारखे हवेत ना? बरं, गुरुवारी योस्टचं नमुना व्याख्यान आहे. तुझा वर्ग घेऊन येशील?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी वर्ग घेऊन गेले. सवय, दुसरं काय.

योस्ट, त्या जागेचा उमेदवार, म्हणजे कॉम्प्युटरवर रेणू हलवणारा माणूस. दुसऱ्या विद्यापीठात कायम नोकरीत होता, म्हणून प्रमाणपत्र होतं. त्याने पहिली स्लाइड लावली आणि पडद्यावर माझ्या स्वयंपाकघरातली किटली आली. आतला पांढरा क्षार, मागे भिंतीवरच्या आमच्या पिवळ्या टाइल्स, ओट्यावर लोकेशचा कप. विभागाच्या सामायिक फोल्डरमधून त्याने माझं अख्खं व्याख्यान उचललं होतं. खालचं माझं नाव तेवढं पुसलं होतं.

पुढच्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. "साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. मग हा क्षार पाणी तापल्यावर बाहेर का पडतो?"

दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. ते विचारावं म्हणूनच तर तो फोटो आहे. योस्टने स्लाइड पुढे केली, मागे आणली, घसा खाकरला. उत्तर स्लाइडवर नव्हतं. ते मी कधीच लिहून ठेवत नाही, फळ्यावर करून दाखवते.

हळूहळू मुलांच्या माना मागे वळल्या. नव्वद मुलं शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघत होती. निवड समितीही वळली.

मार्टेन हसून म्हणाला, "समता, जरा मदत करतेस?"

मी उठले. खडू कुठे असतो तेही मला माहीत होतं. व्याख्यान इंग्रजीत चाललं होतं, पण सगळ्या मुलांना नीट कळावं म्हणून मी डचमध्ये म्हणाले, "माझ्याकडे शिकवायचं प्रमाणपत्र नाही."

आणि खाली बसले.