मीटर मागच्या बाजूला

"मीटर मागच्या बाजूला आहे, प्लासिडभाऊ," काउंटरवरून हरेशशेठ म्हणाले.

"मी मिसळ खायला आलोय."

"खा की! मागून या. किचनमध्ये स्टूल आहे."

प्लासिड लोपीसने आयुष्यभर सायकलवरून विजेचे मीटर वाचले. वसई-विरार त्याने आख्खं पाहिलं होतं, फक्त मागून. कुठल्या हॉटेलामागचा कुत्रा चावतो आणि कुठला नुसता भुंकतो, हे त्याला ठाऊक होतं. त्या हॉटेलांत पुढे टेबलंही असतात, ही मात्र ऐकीव माहिती. तो रिटायर झाला तेव्हा त्याच्या जागी माणूस आला नाही. नवे मीटर आले. ते स्वतःच स्वतःला वाचतात. प्लासिडने हे मनाला लावून घेतलं नाही. सायकलला नवी सीट बसवली आणि ठरवलं, आता शहर पुढून बघायचं आणि पुढेच बसून खायचं.

शहराला ते मंजूर नव्हतं. विरारची मिसळ त्याने स्टुलावर खाल्ली. नालासोपाऱ्याची बिर्याणी इन्व्हर्टरशेजारी उभ्याने. अर्नाळ्याला बोंबील तळणाऱ्या बाईने आधी वाढीव बिलाची तक्रार ऐकवली, मग बोंबील वाढले. सगळं अगदी प्रेमाने. मेनूकार्ड कोणी देईना. का, तर म्हणे, "तुम्ही तर घरचेच!"

"घरचं जेवायला मला घर आहे," प्लासिड गिरीजच्या घराच्या ओट्यावर बसून बायकोला म्हणाला. "मला एकदा कोणीतरी विचारलं पाहिजे, 'सर, काय घेणार?'"

"रोज मी विचारते की," फिलोमिना म्हणाली.

"तू 'सर' म्हणत नाहीस."

"खरंय. आणि 'काय घेणार' पण नाही विचारत. आहे ते देते." तिने थोडा विचार केला. "नायगावला चल. त्या नव्या टॉवरांत तुला कुत्रंपण ओळखत नाही. मीपण येते."

फिलोमिनाने वर्षानुवर्षं वाडीतली केळी सायकलवरून बाजारात नेली होती. आज मागे घड नव्हते, त्यामुळे सायकल सुसाट सुटली. प्रत्येक वळणावर ती नवऱ्यासाठी थांबायची आणि तो पोचला की लगेच निघायची. त्याची विश्रांती तिने आधीच घेऊन टाकलेली असायची.

नायगावच्या हॉटेलला काचेचा दरवाजा होता. फिलोमिनाने तो ढकलला आणि मागे पाहिलं, तर नवरा गायब. तो सवयीने इमारतीला वळसा घालून मागे गेला होता आणि गॅस सिलिंडरांमध्ये उभा राहून विजेचा बोर्ड न्याहाळत होता.

"प्लासिड! पुढे ये!"

आत गारवा होता. वेटर आला. मेनूकार्ड ठेवून वाकला आणि म्हणाला, "सर, काय घेणार?"

प्लासिडने शर्टाची कॉलर नीट केली. त्याने मेनूकार्ड उघडलं, आणि लाइट गेली.

किचनमध्ये काहीतरी पडलं, आणि ते पातळ होतं. "शेजारी आहे लाइट, आपलीच गेली," मॅनेजर ओरडला. "अरे, बोर्ड कुठाय आपला?"

प्लासिडचा हात आपोआप शर्टच्या खिशाकडे गेला. तिथे एके काळी टॉर्च असायची. तो अर्धा उठला.

फिलोमिनाने त्याचं मनगट धरलं. "बस."

"अगं, मी आत्ताच बघून आलो."

"तू जेवायला आलायस."

तो बसला. मॅनेजर मोबाइलच्या उजेडात टेबलाटेबलांमधून फिरू लागला. "साहेब, तुम्हाला लाइटचं काही कळतं?"

"नाही," प्लासिड म्हणाला.

थोड्या वेळाने वेटर आला. "अंकल, फ्यूजबिज कळतो का?"

"मला? छे."

मग खुद्द मालकीणबाई आल्या. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. लाइटवाले ना तुम्ही?"

"आम्ही केळीवाले," प्लासिड म्हणाला.

संत पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. फिलोमिनानेही कान टवकारले. पण इथला कोंबडा मेनूमध्ये होता, त्यामुळे काही बोलला नाही.

शेवटी वेटरने बशीत मेणबत्ती लावून आणली. "सॉरी सर. माणूस बोलावलाय. पण गॅस चालू आहे, जेवण मिळेल."

"चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतंय," फिलोमिना कुजबुजली आणि पदर सावरून ताठ बसली.

प्लासिडने चष्मा लावला. मेनूकार्ड मेणबत्तीजवळ धरलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. सूप. मग दुसरी ओळ. आयुष्यभर आकडे वाचले तसा तो एकही ओळ न गाळता खाली सरकत होता.

"सर?" वेटरने हळूच विचारलं.

"थांब," प्लासिड म्हणाला. "रीडिंग चालू आहे."