वर्षाचं पदक

व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या आमच्या गटात वर्षभर न घसरलेल्या माणसाला पितळी पदक मिळतं, आणि ते घरच्याच कुणाच्या तरी हातून द्यायची रीत आहे. मला ते क्लॉडेटच्या, माझ्या बायकोच्या हातून हवं होतं. ती दीड वर्षापूर्वी लुइस्टनला बहिणीकडे निघून गेली होती.

गेली ती माझ्यामुळेच. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालो आणि दिवस खायला उठले. आधी कॉम्प्युटरवरची नागडी चित्रं, मग फोनवरच्या बाया, मग हमरस्त्यालगतची मसाजची दुकानं. त्यातली मजा केव्हाच संपली होती, तरी पाय तिकडेच वळायचे. क्लॉडेटच्या आईला पुरत होते तेव्हा मी गाडीत फोन घेऊन बसलो होतो. तिने काचेतून पाहिलं.

चर्चच्या तळघरात दर मंगळवारी दुपारी आम्ही जमतो. एव्हरेट हा माझा पाठीराखा. पूर्वी शाळेची बस चालवायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "तलफ आली की आधी मला फोन कर. मग स्वतःला विचार, भूक लागलीय, राग आलाय, एकटं वाटतंय की दमलायस? जे असेल त्याचा इलाज कर. आणि हात रिकामे ठेवू नकोस."

मी बापाचं जुनं काम काढलं, बर्फावर चालायचे जोडे विणायचं. लाकडी चौकटीत ओल्या कातड्याच्या वाद्या ताणून बसवायच्या. दोन्ही हात अडकतात.

"आता मोबाइल धरायला तिसरा हात लागेल तुला," एव्हरेट हसला.

आठ महिने निभावले. नोव्हेंबरात क्लॉडेटचा वाढदिवस आला. तीनदा फोन केला, तिने उचलला नाही. तेव्हा एव्हरेटला फोन करायला हवा होता. मी गाडी काढली ती हमरस्त्यावरच्या दुकानांकडे.

घसरलं की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून, हा आमचा नियम. पण मी तिला पत्र टाकून बसलो होतो, मार्चमध्ये वर्ष भरतंय, पदक द्यायला ये. म्हणून दर मंगळवारी उभा राहून जुनाच आकडा पुढे सांगत राहिलो.

ती आली. रविवारचा निळा कोट घालून. बहिणीची गाडी दाराशी होती आणि मागच्या सीटवर क्लॉडेटची तपकिरी बॅग होती. तीच, जी घेऊन ती गेली होती.

एव्हरेटने पदक तिच्या हातात दिलं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. "एकतीस वर्षं मी याच्याबरोबर काढली. मला बरणीचं झाकणसुद्धा कुणी दिलं नाही."

सगळे हसले, तीही हसली. मग माझ्याकडे वळली. "नॉर्मन, एकदाही नाही ना रे?"

संशयाने नव्हतं विचारलं. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. "नाही" म्हटलं असतं तर बॅग घरी आली असती.

"एकदा," मी म्हणालो.

"कधी?"

"तुझ्या वाढदिवशी."

तिने पदक टेबलावर ठेवलं.

"लग्नापासून हे पहिलंच खरं बोललास," ती म्हणाली. "पण मी हा कोट घातला तो दुसरं काही ऐकायला."

ती जिना चढून गेली आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज खाली ऐकू आला. कोपऱ्यातला एक जण पुटपुटला, "निदान उद्या सांगायचंस."

"उद्या सांगितलेलं कुणी पाहिलंय इथे?" एव्हरेट त्याच्यावर खेकसला. मग पहिल्या दिवसाची पांढरी चकती माझ्या हातावर ठेवली. "घे, म्हाताऱ्या. आणि चार महिने मलाही फसवलंस, ते मी विसरणार नाही."

घरी आलो तर भिंती अंगावर येत होत्या. गाडीची किल्ली दोनदा हातात घेतली. मग फोन लावला.

"हात काय करतायत?" एव्हरेटने विचारलं.

"वाद्या ओढतायत."

"कुणाचे जोडे?"

"तिचे."

"ओढत राहा. फोन ठेवू नकोस."

त्यानंतरची दोन पदकं मी एव्हरेटच्या हातून घेतली. दोन्ही खरी आहेत. क्लॉडेटला कळवलं होतं. उत्तर नाही आलं. तिचे जोडे शेडमध्ये खिळ्याला टांगले होते. गेल्या हिवाळ्यात उंदरांनी वाद्या कुरतडल्या. आज सकाळी नव्या भिजत घातल्यात.