अकरावं अक्षर

बाबांनी दहावं पाऊल टाकलं, भिंतीला हात टेकला आणि ते थांबले. समोर बोळकांडी अजून तेवढीच उरली होती आणि तिच्या टोकाला खिडकी.

"दम लागला का, सर?" व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी विचारलं.

"नाही."

"पाय दुखतो?"

"मोडलेलं हाड आहे, ते काय गाणं म्हणणार?"

बाई हसल्या, पण दाराशी गेल्यावर लेकीला हळूच म्हणाल्या, "हाड छान जुळलंय हो. मनच खचलंय. रोज तिथेच थांबतात. असंच चाललं तर चाकाची खुर्ची बघून ठेवा."

खुर्चीत बसलेला माणूस पुन्हा उठत नाही, हे लेकीने शेजारी पाहिलं होतं. आणि बाबांनी तर जन्मभर उभ्याने शिकवलं होतं. वर्गात खुर्ची असते ती डगला टांगायला, असं म्हणायचे.

दुपारी ती जेवणाच्या टेबलावर एका इमारतीचा नकाशा काढत बसली होती. बाहेर बाबांची फेरी सुरू झाली. दुखरा पाय हलका पडायचा, धडका पाय जड. हलका, जड, हलका, जड. पाच जोड्या झाल्या आणि आवाज थांबला. तिची पेन्सिलही थांबली.

ही चाल तिच्या ओळखीची होती. बाबा इंग्रजी कविता शिकवायचे. त्यांच्या लाडक्या वृत्तात ओळीत अक्षरं दहा, एक हलकं, एक जड, आणि ओळ संपली की क्षणभर विसावा. याच टेबलावर बोटांची पेरं आपटून त्यांनी तिला ते शिकवलं होतं, आणि शेवटी पालथ्या घड्यावर पाणी म्हणून हात टेकले होते. तिने दारातून डोकावलं. बाबा भिंतीशी उभे होते आणि त्यांचे ओठ नुकतेच मिटत होते. म्हणजे गृहस्थ दमलेले नव्हते की भ्यालेले. ते मनात कवितेची ओळ म्हणत चालत होते आणि ती ओळ संपली होती! तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले.

आता हे सांगावं कसं? सांगितलं असतं तर त्यांनी साफ कानांवर हात ठेवले असते. तिने नकाशाच्या कडेला एक इंग्रजी ओळ लिहिली आणि बोटांवर मोजली. दोन्ही हातांची बोटं संपली तरी एक अक्षर उरलं. तिने ते खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांच्या अर्धं पाऊल मागे उभी राहिली. त्यांनी पाय उचलताच तिने ठेक्यात सुरू केलं,

"माय फादर विल नॉट वॉक अप टू द विंडो."

माझे वडील काही खिडकीपर्यंत जायचे नाहीत! बाबांच्या भुवया चढल्या, पण पाय ठेका सोडेनात. 'विन्'वर धडका पाय पडला आणि हात सवयीने भिंतीकडे गेला. पण 'डो' अजून बाकी होतं. हलकं अक्षर, दुखरा पाय. तो क्षणभर हवेत राहिला. मग पाय पुढे टेकला.

"कुणाची ओळ ही?"

"माझी."

"वाटलंच. एक अक्षर जास्त आहे."

"मग काढून टाकू?"

बाबांनी खाली पाहिलं, मग मागे भिंतीकडे. कालपर्यंतची जागा एका पावलाने मागे पडली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "एखादं चालतं. पुढची ओळ?"

"अजून सुचली नाही, बाबा."

"नकाशे काढणाऱ्यांचं हे असंच." त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. "चल, खिडकीशी जाऊन बघू. तिथे काही सुचतंय का."