पाच शाळांत एक बुधरी

पोरांचं वाचन सुधारायचं तर आधी मास्तर सुधारले पाहिजेत, असं सरकारच्या मनात आलं आणि गुणवंतराव खोब्रागड्यांना गडचिरोलीला प्रशिक्षणाला जावं लागलं. एटापल्लीच्या पलीकडे, जिथे एस.टी.सुद्धा मनात आलं तरच जाते, तिथल्या हिकेरटोल्यात ते एकट्याने शाळा चालवत. प्रशिक्षणात त्यांना चित्रांचे तक्ते मिळाले. त्यांत आगबोट होती, ट्रामगाडी होती. "मुलांच्या अनुभवातून वाचनाकडे जा," असं तज्ज्ञांनी बजावलं. जंगलातल्या माडिया पोरांना आगबोटीचा अनुभव कुठून आणून द्यायचा, हे मात्र जेवणाची सुट्टी झाल्यामुळे राहून गेलं.

दुसरा हुकूम असा की जवळच्या पाच शाळांनी गट करावा. महिन्यातून एकदा गुरुजींनी एकत्र बसावं, एकाने पाठ घेऊन दाखवावा, बाकीच्यांनी चुका सांगाव्यात. पहिल्या सभेत गटाचे प्रमुख लटारू मास्तर यांनी पाठ घेतला. चुका सांगितल्या गेल्या, आणि निम्मा गट महिनाभर एकमेकांशी बोलेना. तेव्हा सगळ्यांनी शहाणपणाने ठरवलं, पाठ नको, कोंबडा आणावा. कोंबड्यावरून मतभेद झाल्याचं कुणाला आठवत नाही.

असं सुरळीत चाललं असताना बातमी आली, की विस्तार अधिकारी देवतळे साहेब पाचही शाळा तपासणार आणि तिसरीच्या एका तरी पोराकडून न शिकवलेला धडा वाचून घेणार. पोरं धडे म्हणत, पण तोंडपाठ. पुस्तक उलटं धरलं तरी त्यांचं बोट ओळीवरून बरोबर चाले. खरं वाचणारं पोर पाच शाळांत मिळून एकच होतं, गुणवंतरावांची बुधरी. बिडीच्या कट्ट्यावरचा कागद असो की फॉरेस्टवाल्यांची पाटी, दिसेल ते ती वाचून काढी. नोकरीत आपल्या हातून झालेलं एकमेव काम म्हणजे ही पोरगी, असं गुणवंतराव मनाशी म्हणत, आणि ते खरंच होतं.

लटारू मास्तर सायकल मारत हिकेरटोल्याला आले.

"गुणवंतभाऊ, तुमची बुधरी आमाले थोडे थोडे दिवस द्या. यालेच तं सहकार्य म्हंतेत."

"अन् तिची शाळा?"

"शाळेतच तं जाईन ना थे! रोज नव्या शाळेत." मग मास्तरांनी आवाज खाली आणला. "सभापती माया मेव्हणा लागते. तुमच्या बदलीचं मी पाहून घेतो."

हे वर्मावर बोट होतं. गुणवंतरावांची बायको ब्रह्मपुरीला, लहान पोरगी तिच्याजवळ. दिवाळीत ते घरी गेले तेव्हा पोरगी दारातून आत धावत गेली आणि म्हणाली, "आई, पाहुणे आले." गुणवंतरावांनी बुधरी दिली.

बुधरी सायकलच्या कॅरिअरवर बसून गेली. एका शाळेत ती कोतवालाची भाची झाली, दुसरीत पाटलाची नात. सरावासाठी आधीपासून नेत, कौतुकासाठी नंतरही ठेवून घेत. साहेबांची जीप आठवडाभराने रस्त्याने येई, तोवर बुधरी नाल्यातून आडवाटेने पोचलेली असे. साहेब चहा घेत, वाचन ऐकत, "वा!" म्हणत. बुधरीच्या बापाला वाटलं, पोरगी सरकारी कामावर लागली. तो गावभर सांगत सुटला.

सगळ्यांत शेवटी साहेब हिकेरटोल्याला आले. बुधरीने आपल्या शाळेत, आपल्या नावाने, न अडखळता वाचलं. साहेबांनी पोरांना बाहेर पाठवलं.

"खोब्रागडे, पोरगी छान वाचते. पाचही ठिकाणी छान वाचली."

गुणवंतरावांनी उगाच फळा पुसायला घेतला. साहेब हसले.

"घाबरता कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझाही अहवाल वर जायचा आहे. पुढच्या महिन्यात मुंबईचे पाहुणे शाळा बघायला येताहेत, मग पुण्याचे. येतच राहतील. पोरगी माझ्याकडे ठेवतो, खाईल-पिईल. तुमच्या बदलीचा कागद माझ्याच टेबलावर आहे. उद्या सही करतो."

बुधरी बाहेर गेलीच नव्हती. दाराशी उभी राहून ऐकत होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "मंग मी आपल्या शाळेत कवा येऊ?"

गुणवंतराव शूर माणूस नव्हते. पण शाळा चांगली आहे हे दाखवण्यापायी या पोरीची शाळाच सुटली, हे पहिल्याच दिवशी विचारून आपण नंतर सोयीस्कर विसरलो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"पोरगी नाई देत, साहेब."

"आणि बदली?"

काहीतरी बाणेदार बोलावं असं त्यांना वाटलं. पण "थे तुमी पाहा," एवढंच ते म्हणाले.

साहेबांनी पाहिलं. चार शाळा आदर्श ठरल्या. हिकेरटोल्याचं वाचन कच्चं निघालं, सबब शिक्षकास पुन्हा प्रशिक्षणाला पाठवावं असा शेरा पडला. बदलीचा विषय तिथेच मिटला. जीप गेल्यावर गुणवंतराव भिंतीकडे तोंड करून रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. लेकीला आता आणखी किती दिवाळ्या पाहुणेच यायचे होते.

मग तोंड धुऊन ते वर्गात आले. बुधरी आपल्या तरटावर बसली होती. गुणवंतरावांनी तिच्या शेजारच्या इसरूसमोर पुस्तक उघडून ठेवलं.

"इसरू, वाच."

इसरूने पुस्तकाकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. आणि पुस्तक उचलून त्याने सरळ बुधरीच्या मांडीवर ठेवलं.

"बुधरी आली ना, गुरुजी! मी काऊन वाचू?"

कुणीही हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काय आहे, असंच साऱ्या वर्गाचं मत दिसलं. गुणवंतरावांचा हात सवयीने वर गेला आणि तसाच खाली आला. मारायचं कुणाला? हा धडा त्यांनीच शिकवला होता, आणि वर्गातल्या एकूण एक पोराला तो पक्का आला होता.