सत्तेचाळीस प्रश्न

आपल्या वर्गात आपपरभाव नाही, याचा गणिताच्या बाईंना भारी अभिमान होता. वीस वर्षं त्या हे ठणकावून सांगत आल्या होत्या.

सातवीला सरासरी शिकवताना त्यांनी पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली. "आठवडाभर शाळेतलं काहीही मोजा आणि त्यातून काय दिसतं ते सांगा," त्या म्हणाल्या. कुणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, कुणी नळावरची रांग. शेवटच्या बाकावरची एक मुलगी शाळा सुरू झाल्यापासून चार वाक्यं बोलली नव्हती. तिला सगळे 'गुपचूप' म्हणत. ती फळ्याशी आली आणि मान खाली घालून वाचू लागली.

"बाईंनी आठवड्यात सत्तेचाळीस प्रश्न विचारले. पुढच्या दोन रांगांना एकोणचाळीस, मधल्या रांगांना सहा, मागच्या दोन रांगांना दोन." ती जरा अडखळली. "त्यातला एक, 'पंखा कुणी बंद केला?' हा होता."

वर्गात हशा पिकला. बाईंची कानशिलं तापली. "बस खाली," एवढंच त्या म्हणाल्या.

"पोरांना डोक्यावर बसवलंत," चित्रकलेचे सर मधल्या सुट्टीत म्हणाले. "आज प्रश्न मोजले, उद्या तुमच्या रजा मोजतील!" बाई हसल्या, पण डबा तसाच बंद राहिला. संध्याकाळी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावून सगळं सांगितलं.

"अगं, मग ते खोटं आहे का?" ताईनं विचारलं.

"खोटं असतं तर जेवले नसते का मी दुपारी!"

दुसऱ्या दिवशी त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. "काल मी हिला खाली बसवलं, ते चुकलं माझं. आकडे खरे आहेत. असं का होतं, ते आता मिळून शोधू."

मधल्या रांगेतून आवाज आला, "मार्कांप्रमाणे बसवतात ना, बाई."

"आम्ही अभ्यास करतो म्हणून पुढे!" पहिल्या नंबरची मुलगी फणकारली.

"तुला फळा दिसतो," गुपचूप म्हणाली. "मला तिथून आठ आणि तीन सारखेच दिसतात."

बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. सवय जुनी, त्यामुळे ते फार जड गेलं. तास संपायच्या आत मुलांनीच ठरवलं: दर सोमवारी रांगा बदलायच्या. गुपचूपच्या आईला निरोप गेला, डोळे तपासून घ्या म्हणून.

पंधरा दिवसांत मोठ्या सरांचं बोलावणं आलं. "रांगा बदलल्या म्हणून पालक चिडलेत, बाई."

"माझं राहू द्या, सर. मुलांचं ऐका."

वर्गातले पाच जण प्रश्नांच्या मोजणीचा तक्ता घेऊन गेले. बोलली मात्र ती पहिल्या नंबरचीच. "सर, मी मागे बसले ना, तेव्हा बाकीच्या तासांना मलासुद्धा तीन दिवस कुणी काही विचारलं नाही."

मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला. "बाईंच्या वर्गापुरतं, सहामाहीपर्यंत. पुढचं पुढे बघू."

बाईंना एवढंही पुष्कळ वाटलं. त्याच आठवड्यात त्यांनी गुपचूपला एक उदाहरण विचारलं. उत्तर चुकलं. भराभर चार हात वर झाले. बाईंनी खुणेनंच ते खाली करवले.

"कसं काढलंस, ते सांग."

ती सांगू लागली, अर्ध्यावर गप्प झाली, बोटांवर काहीतरी मोजू लागली.

"थांबा हं, बाई," ती म्हणाली.

आणि बाई थांबल्या.