सहावा दुष्परिणाम

भिमाजी पगारे पूर्ण बरे झाले. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजा, कारण सध्या ते पलंगावर बसून बायकोकडे संशयाने बघत आहेत.

द्वारका चौक ओलांडताना त्यांची छाती धडधडायची, घाम फुटायचा, आता मेलोच असं वाटायचं. कचेरी नेमकी चौकापलीकडे! वीस दिवस रजा झाली. सोमवारी हजर व्हा, नाहीतर कारवाई, अशी नोटीस आली. तपासणीत हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरीणबाईंनी भीतीचा आजार सांगून गोळ्या दिल्या.

"म्हणजे वेड्याच्या गोळ्या," भिमाजी म्हणाले.

तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. छापील कागदावर बायकोपेक्षा जास्त विश्वास. घरातल्या सगळ्यांच्या औषधांच्या पिशवीतलं पत्रक त्यांनी भिंगाखाली वाचलं आणि दुष्परिणाम अनुक्रमांकानुसार हजर होऊ लागले. मंगळवारी मळमळ, बुधवारी डोकेदुखी, शुक्रवारपर्यंत पायांना सूज.

"तुम्ही सगळे सामील आहात. ती बाई, मेडिकलवाला, तू! आजपासून गोळी बंद."

"अहो, बाईंना फोन तरी करा," मैनाबाई म्हणाल्या.

"कशाला? छापलंय इथं! सहापैकी पाच झाले."

मैनाबाईंनी चष्मा लावून सहावा वाचला. "अंगावर पाजणाऱ्या आईचं दूध कमी होणे."

"ते अजून जाणवलं नाही," भिमाजी प्रामाणिकपणे म्हणाले.

"अहो, हे माझ्या पाळीच्या गोळ्यांचं पत्रक आहे!"

भिमाजींनी पायांकडे पाहिलं. सूज गडबडीने उतरत होती.

"म्हणजे मी सोंग करत होतो?"

"नाही हो. उलटीची बादली मीच धुतली ना! त्रास खरा होता, पण तो तुमच्या धास्तीने आणला. मी रोज शुगरची गोळी घेते, मला कोणी वेडी म्हणतं का?"

"म्हणतात."

"त्याचा गोळीशी संबंध नाही. फोन लावा!"

फोन लागला. बाईंनी त्यांच्या गोळीचे खरे त्रास समजावले आणि गोळी चालू राहिली. सोमवारी चौकात छाती धडधडली. भिमाजी धडधडत्या छातीनिशी पलीकडे पोचले.

मित्रहो, आजाराविषयी आपण जे मानतो, तेही अंगात भिनतं! शंका आली तर डॉक्टरांना विचारा, मनानेच निकाल लावू नका.

कचेरीत भिमाजींनी पहिला अर्ज लिहिला:

"मा. महोदय, माझी रजा 'घरगुती कारण' अशी न दाखवता 'मनाचा आजार' अशी नोंदवावी. तसेच सर्व कर्मचाऱ्यांनी, पाय मोडलेल्याची करतात तशी, माझी विचारपूस मोठ्या आवाजात व फळे घेऊन करावी. द्राक्षे चालतील. ही नम्र विनंती."