पुस्तकात नसलेला आवाज

घड्याळं दुरुस्त करता करता घड्याळजींचे डोळे अधू झाले. कान मात्र शाबूत राहिले. म्हणून दुकान बंद केल्यावर त्यांनी पक्ष्यांचा नाद लावून घेतला. तीन वर्षांत बुलबुलाची धोक्याची हाक कोणती आणि नुसती कुरबुर कोणती, हे ते पेपरातून डोकं वर न काढता सांगू लागले. बायको काही बोलायला आली की ओठांवर बोट ठेवत. "थांब जरा, बुलबुल बोलतोय."

यंदा तर त्यांना घबाडच लागलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसणारी एक साळुंकी कुठल्याच पुस्तकात नसलेला आवाज काढत होती. आधी लांब, उतरता सूर आणि मग तुटक 'च्च'. घड्याळजींनी वहीत लिहिलं, 'जोडीदाराला प्रेमाची साद.' पक्षीमित्र मंडळाच्या वार्षिक अंकात ही नोंद त्यांच्या नावानिशी छापून येणार होती. फक्त अध्यक्षबाईंनी एकदा येऊन ऐकायचं बाकी होतं. जन्मभर लोकांच्या घड्याळांत डोकं घातलेल्या माणसाला आपलं नाव छापलेलं बघायची केवढी हौस! चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

बाई आल्या. साळुंकीनंही लाज राखली. आली, आवाज काढला, उडून गेली. बाईंनी कौतुकानं मान डोलावली. झालं, घड्याळजींना चेव आला आणि ते त्या सादेचा अर्थ उलगडून सांगत सुटले. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात कधीची उभी होती, पण वाक्य काही संपेना.

तेवढ्यात तो लांब, उतरता सूर आला. मग 'च्च'.

"ऐकलंत?" घड्याळजी खिडकीकडे धावले. तिथे चिटपाखरू नव्हतं. बाई दाराकडे बघत होत्या.

"साळुंकी नकला करते," चहा घेताना बाई हळूच म्हणाल्या. "पण एकदा ऐकून नाही हं. रोज, सारखं कानावर पडावं लागतं." अंकाचा विषय त्यांनी काढलाच नाही. कप ठेवला आणि निघाल्या.

अंक हातचा गेला, हे घड्याळजींना लगेच कळलं. बाकीचं कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांना मनापासून लाज वाटली.

"असे उसासे तू कधीपासून टाकतेस?"

"तुम्ही दुकान बंद केलंत तेव्हापासून."

"मग मला कसे ऐकू आले नाहीत? माझे कान तर अजून..."

"आले की," ती कप गोळा करत म्हणाली. "साळुंकीनं टाकले तेव्हा."